दोन आटे शिल्लक ठेवून

अरू, आजही रविवारच होता, म्हणून आले. तुझं तेरावं होऊन चारच दिवस झालेत, आता तिकडे काय काम, असं घरात कुणी तोंडानं म्हटलं नाही, पण सकाळी पिशवी उचलली तेव्हा मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत होते. मी चपला घातल्या आणि निघाले. देवळालीहून निघायचं, राहुरीला बस बदलायची, नागापूरच्या स्टॉपवर उतरायचं, हे पायांना आता पाठ झालंय, डोक्याला विचारावं लागत नाही. बसवर अहिल्यानगर अशी पाटी असते आणि कंडक्टर अजून नगर, नगर असंच ओरडतो. तू मला विचारायचास, शाळेतल्या बाई म्हणून तू कुणाला पास करशील, पाटीला की कंडक्टरला. आज कंडक्टर ओरडला आणि मला कुणी काही विचारलं नाही.

थकलेय रे. तेरा दिवस माणसं येत होती आणि प्रत्येकाला तेच ऐकायचं होतं, कुठे होता, किती वाजले होते, डॉक्टर काय म्हणाले. तुझ्या बायकोचा, रंजनाचा घसा बसला तेव्हा तिच्या वाटचं मी सांगायला लागले. छत्तीस वर्षं मी तिसरीच्या पोरांना तेच ते धडे शिकवले, पण बोलण्याचा एवढा कंटाळा कधी आला नव्हता. ते सगळं इथे पुन्हा लिहीत नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुला माहीत नसलेली एक गोष्ट माझ्याकडे होती. आज कळलं की मला माहीत नसलेली एक गोष्ट तुझ्याकडेही होती. तेवढ्यासाठी कागद घेऊन बसलेय.

तुझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबांची अँबॅसिडर उभी आहे. बाबांनी ती तीस वर्षं टॅक्सी म्हणून चालवली आणि त्यांच्यानंतर ती जागची हलली नाही. पांढरा रंग दह्यासारखा पिवळा पडला होता, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. तू गॅरेज सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, एकेक करत सगळं उभं केलंस. इंजिन झालं, ब्रेक झाले, सीट झाल्या. राहिलं ते स्टीअरिंग. त्याच्या काळ्या रिंगला चिरा पडून कपचे निघत होते आणि बाबांनी त्यावर गुंडाळलेली हिरवी चिकटपट्टी तळहाताला लागत होती. ते काढून नवा थर चढवून आणायचा होता आणि त्याच्याखालचं झिजलेलं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, बदलायचं होतं. पण स्टीअरिंगच काही केल्या निघेना.

दसरा झाल्यावर तुझा फोन आला. तीन वर्षांनी. तू हॅलोसुद्धा म्हणाला नाहीस. "ताई, बाबांच्या गाडीचं स्टीअरिंग जाम झालंय. धरायला माणूस पाहिजे. रविवारी येतेस का?"

तुझ्या गॅरेजात चार धडधाकट माणसं कामाला होती. पासष्ट वर्षांच्या, खांदा धरलेल्या बाईची स्टीअरिंग धरायला काय गरज, हे मला त्या क्षणीही कळलं होतं. मी विचारलं नाही. किती वाजता येऊ, एवढंच म्हटलं.

त्या तीन वर्षांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आई तुझ्याकडे अंथरुणाला खिळून होती. मी महिन्यातून एकदा यायचे, आल्या आल्या चादर उचलून बघायचे, पाठीला जखम का झाली, कूस का बदलली नाही, भात इतका फडफडीत का, असं रंजनाला एकेक विचारायचे. ती बिचारी उभ्यानं उत्तरं द्यायची. एकदा तू बाहेरून आलास, हात पुसत दारात उभा राहिलास आणि शांतपणे म्हणालास, "ताई, तू तपासणीला येतेस. कधीतरी आईला भेटायला ये."

मी पिशवी घेतली आणि चहा न घेता निघाले. चार महिन्यांनी आई गेली. तेव्हा आले, सगळं रीतीनं केलं, आणि तुझ्याशी एक शब्द न बोलता परत गेले. अरू, आईच्या पाठीला जखम झाली होती हे खरं होतं. आणि मी तपासणीला यायचे हेही खरं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई चालवली, स्वतःच्या वहीवर कुणी खूण केलेली मला सहन झाली नाही.

तर त्या पहिल्या रविवारी मी आले. तू जणू काल भेटल्यासारखा बोललास. मला शेजारच्या सीटवर बसवलंस आणि तुझ्या धंद्यातला पहिला धडा दिलास. मधलं हॉर्नचं बटण काढलंस, खाली स्टीअरिंगला दांड्यावर धरून ठेवणारा मोठा नट. खिळ्यासारखा टोकदार पंच घेऊन दांड्याच्या टोकावर एक ठिपका मारलास आणि त्याच्यासमोर स्टीअरिंगवर दुसरा. परत बसवताना ठिपक्याला ठिपका जुळला की स्टीअरिंग सरळ बसतं, नाहीतर गाडी नीट धावते आणि हातात मात्र चाक वाकडं दिसतं. मग पाना लावून नट सैल केलास आणि थांबलास. म्हणालास, नट पुरता काढायचा नाही. शेवटचे दोन आटे शिल्लक ठेवायचे. का म्हणून विचारलं तर तू ओठ वर करून तुटका दात दाखवलास.

तो दात कसा तुटला ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आईला तू सायकलवरून पडलो असं सांगितलं होतंस. खरं म्हणजे गॅरेज नवं होतं तेव्हा एका गाडीचा नट तू पुरता काढलास, गुडघे मागून लावून सगळा जोर काढलास, आणि अडून बसलेलं स्टीअरिंग एकदम सुटून थेट तोंडावर आलं. नट दोन आट्यांवर असता तर तिथेच अडलं असतं. गुंतलेली वस्तू सुटते तेव्हा हळू सुटत नाही ताई, तू म्हणालास. मी तुला म्हटलं, खोटं बोलायचं तर सायकल कशाला, गिऱ्हाइकानं मारलं म्हणायचं होतंस, आईनं जास्त लाडू दिले असते. तू हसलास. तीन वर्षांनी तुला हसताना पाहिलं, तर किती म्हातारा झाला होतास रे.

मग तोच क्रम झाला. मी बाटलीच्या नळीनं दांड्याच्या कडेकडेनं तेल सोडायचं. तू ड्रायव्हरच्या सीटवर बसून गुडघे स्टीअरिंगच्या मागून लावायचे. मी नटावर लाकडी ठोकळा धरून हातोडीनं हलके ठोके द्यायचे, आणि मग दोघांनी दोन बाजूंनी धरून ओढायचं. दांड्याला बारीक खाचा असतात, स्टीअरिंगच्या भोकातही तशाच, आणि इतकी वर्षं एकमेकांत बसून गंजानं दोन्ही एक झाले होते. माझा धीर लगेच सुटायचा. मी म्हणायचे, एकदा सणसणीत घाव घाल की. तू म्हणायचास, दांड्याचे आटे जातील, खालची बेअरिंग जाईल, ही तुझी तिसरीतली पोरं नाहीत. मी तुला ऐकवायचे की माझ्या वर्गात छडी नव्हतीच. तू म्हणायचास, छडी नव्हती, डोळे होते. मी पुलरचंही विचारलं होतं. दोन बाजूंनी पकडून मधल्या स्क्रूनं खेचून काढायचं ते अवजार, तूच एकदा दाखवलं होतंस. तू म्हणालास, या मापाचा मिळत नाही.

दोन तासांनी रंजना स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, निघालं का? आणि तू हात पुसत म्हणायचास, "निघत आलंय. पुढच्या रविवारी बघू." मग आपण तिघं जेवायचो. तू मला फाट्यावर सोडायला यायचास, बस येईपर्यंत थांबायचास. उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक जायचे आणि तू त्यांच्या मागच्या लाइट नाहीत म्हणून करवादायचास.

आता माझी गोष्ट. दुसऱ्या-तिसऱ्याच रविवारी बसमध्ये मी ठरवलं होतं की तुला सांगायचं, माझं चुकलं. शब्दसुद्धा जुळवले होते. पण समोर आलं की जीभ उचलायची नाही. मग मी स्वतःला मुदत दिली. ज्या दिवशी स्टीअरिंग निघेल, त्या दिवशी दोघं आनंदात असू, त्या भरात बोलून टाकू. एकदा हे ठरल्यावर मला बरं वाटलं. दर रविवारी ते निघालं नाही की मी मनातल्या मनात सुटायचे, आणि परतीच्या बसमध्ये स्वतःवर चिडायचे. गेल्या सात महिन्यांत मी असंच केलं. तुझ्यापाशी वेळ आहे असं मी धरून चालले होते.

संक्रांतीनंतर तू मला स्टीअरिंगला हात लावू देईनास. तुझा खांदा दुखतो, तू फक्त तेल सोड, ओढायचं मी बघतो, म्हणालास. ठोकेही बंद झाले. तू एकटाच गुडघे लावून दात-ओठ खात ओढायचास, कपाळावर घाम यायचा, मान लाल व्हायची. मला वाटलं, भावाला बहिणीच्या खांद्याची काळजी. मला आत कुठेतरी गोड वाटलं होतं, हे आता कबूल करते. शेवटच्या रविवारीही तेच झालं. वैशाखातलं ऊन, पत्रा तापलेला, मी तेल सोडलं, तू ओढलंस, रंजनानं विचारलं, तू तेच उत्तर दिलंस. फाट्यावर तू म्हणालास, येताना तुझ्याकडचं लिंबाचं लोणचं आण. ते मी बरणीत भरून ठेवलं होतं.

आज मी शेडचं दार उघडलं तेव्हा हिवरे बाजारचा शिवाजी अंगणात आला, तुझ्याकडे दुधाचा टेम्पो दुरुस्तीला आणतो तो. त्याच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. तो मला तुझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं बाईच म्हणतो.

"बाई, ह्यो अरुणशेठचा पुलर," तो म्हणाला. "माज्याकडंच राह्यला हुता. तेराव्याला आनायचा हुता, पन बरं वाटंना."

मी गोणपाट उघडलं. तू मिळत नाही म्हणालेला पुलर. मी त्याला विचारलं, हा तुझ्याकडे कधीपासून.

"संक्रांतीच्या आदल्या दिवशी दिला त्यांनी. म्हनले, माजं काम झालं, तू घिऊन जा. लई खुशीत हुते त्या दिवशी."

कुठलं काम झालं, हे त्याला माहीत नव्हतं. तुझी आठवण काढून तो थोडा वेळ बसला, डोळे पुसले आणि दुधाची वेळ झाली म्हणून गेला. मी पुलर घेऊन गाडीत बसले. पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या सीटवर. तू शिकवलंस तसं सगळं केलं. हॉर्नचं बटण काढलं, पाना लावला, नट सैल केला, दोन आटे शिल्लक ठेवून थांबले. गुडघे मागून लावले. पुलर बसवण्याआधी, नुसतं किती घट्ट आहे ते बघावं म्हणून, दोन्ही हातांनी ओढलं.

स्टीअरिंग माझ्याकडे आलं. कसला आवाज नाही, कसला झटका नाही. नटापाशी येऊन टेकलं आणि थांबलं. मी नट काढला, स्टीअरिंग उचललं आणि मांडीवर घेतलं. दांड्याच्या खाचा स्वच्छ घासलेल्या होत्या आणि त्यांच्यात पिवळं ग्रीस भरलेलं होतं. भोकाच्या आतही तेच. खाली नवं बुश बसवलेलं होतं. स्टीअरिंग निघाल्याशिवाय ते बुश बसत नाही आणि तिथे ग्रीस लावता येत नाही, एवढं तर तू मला शिकवलंच होतंस.

म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, मी नसताना, तू ते काढलं होतंस. साफ केलंस, बुश बदललंस, ग्रीस लावलंस, ठिपक्याला ठिपका जुळवून परत बसवलंस. आणि पुढचे पंधरा-सोळा रविवार, हाताला सरकन निघणाऱ्या स्टीअरिंगशी तू माझ्यासमोर झटापट करत बसलास. घाम काढलास, मान लाल केलीस. लहानपणी शाळा बुडवायला पोट दुखतंय म्हणून तू लोळायचास, तेव्हा आई फसायची आणि मी तुझं पांघरूण ओढायचे. पुढे छत्तीस वर्षं मी खोटी पोटदुखी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखत आले. तुझी ओळखली नाही.

आधी मला तुझा राग आला. भयंकर आला. मी मूर्खासारखी तेल सोडत बसले होते, दुखऱ्या गुडघ्यांनी बसच्या पायऱ्या चढत होते, आणि तू मला खेळवत होतास. तू खरं सांगितलं असतंस तर संक्रांतीलाच मी बोलले असते. शब्द तयार होते. तुझ्या हातात तिळगूळ ठेवून बोलले असते. तू ते स्टीअरिंग निघू दिलं नाहीस आणि माझी मुदत पुढे पुढे गेली, हे तुला कुठे माहीत होतं.

मग राग बसला. काम संपलं की ताई यायची बंद होईल, असं तुला वाटलं. तुला असं वाटावं अशीच मी तीन वर्षं वागले होते, अरू. तुझा यात काही दोष नाही. धरायला माणूस पाहिजे, हे तू पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतंस. मीच ते स्टीअरिंगपुरतं ऐकलं.

आणि खरं सांगू? ते रविवार मिळाले. तू लबाडी केली नसतीस तर मी बोलले असते, आपण दोघं रडलो असतो, जेवलो असतो, आणि मग मी सणासुदीला आले असते. माझा स्वभाव मला माहीत आहे. फाट्यावर बसची वाट बघत तुझ्याशेजारी उभं राहणं, उसाच्या ट्रॅक्टरवर तुझं करवादणं, तुझ्या ताटात लोणचं वाढणं, हे सगळं तुझ्या खोट्या घामावर मला मिळालं. कुणाचे आभार मानायची मला सवय नाही. तुझे मानते.

ठरवलं होतं की स्टीअरिंग निघालं की बोलायचं. म्हणून बोलले. मांडीवर बाबांचं ते फुटकं स्टीअरिंग होतं, समोर काच होती, काचेपलीकडे तुझे पाने भिंतीला मापाप्रमाणे टांगलेले होते. मी म्हटलं, "अरू, मी तपासणीलाच यायचे. माझं चुकलं." माझा आवाज शेडमध्ये फार मोठा वाटला. थोड्या वेळानं मी हेही म्हटलं की आईच्या पाठीचं मात्र मी मागे घेत नाही, कूस बदलायलाच हवी होती. तू असतास तर यावर नक्की काहीतरी बोलला असतास आणि आपलं पुन्हा वाजलं असतं. सात महिने जे बोलायला घाबरले ते बोलायला एक मिनिटही लागलं नाही.

मग मी उठले. ठिपक्याला ठिपका जुळवून स्टीअरिंग परत दांड्यावर सरकवलं. नट हातानंच फिरवला, पाना लावला नाही. दोन आटे धरले की थांबले. हॉर्नचं बटण वर ठेवलं. पुलर गोणपाटात गुंडाळून सीटखाली ढकलला.

रंजना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तेराव्यापर्यंत येणाऱ्यांना तेच ते सांगण्यापलीकडे ती कुणाशी धड बोलली नव्हती आणि आज मला बघून तिनं पदर खोचला. तोंडून सवयीचंच निघालं, "निघालं का, ताई?"

माझ्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत पिवळं ग्रीस लागलं होतं. तिनं ते पाहिलं. गेली अठ्ठावीस वर्षं ती मेकॅनिकचे कपडे धूत आलीये, कुठलं ग्रीस कुठून येतं ते तिला सांगावं लागत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशीही तिनं असेच हात पाहिले असणार, आणि पुढच्या प्रत्येक रविवारी दारात उभं राहून तरीही विचारलं असणार. ती आत गेली, साबण आणि तांब्या घेऊन आली आणि माझ्या हातांवर पाणी घालायला लागली.

मी म्हटलं, "निघत आलंय. पुढच्या रविवारी बघू."

"या मग," ती म्हणाली. "येताना लोणचं आणा."